त्र्यंबक तांबटाची मान आणि भैरोबाचा कलश

हं! देवाचं नाव घेऊन झालं, टाळ खाली ठेवले, पेटीवाल्यांनी पाणी पिऊन घेतलं. आता मंडळी, नीट बसा. मागच्यांनी पुढं सरका. पुढं बसलं की बुवा प्रश्न विचारतो, या भीतीनं मागं बसू नका — मी मागच्यांनाही विचारतो!

आणि विचारतोच. परमार्थातली माणसं काय सांगतात? देह नाशिवंत! देहाचे लाड करू नयेत! बरोबर? बरोबर. मग मला सांगा — मान दुखते म्हणून दिवसातून चार वेळा काम थांबवायचं, गरम पाण्यानं शेकायचं, मान हळूहळू इकडं वळवायची, तिकडं वळवायची — ही भक्ती, की चोचले?

कोण म्हणालं चोचले? काका, तुम्ही! शाबास, धीट आहात. आणि त्या खांबाजवळच्या काकूंनी मान हलवली — काकू, ती होकाराची होती की डुलकीची? अहो, अजून आख्यान सुरू व्हायचंय!

उत्तर मी देत नाही. उत्तर देणार आहे एक तांबट. ऐका तर!

निरगुडवाडी नावाचं गाव. गावाला एक भैरवनाथाचं देऊळ. भैरोबा मोठा जागृत, पण देवळाच्या शिखरावरचा कलश? तो एका वळवाच्या वादळात उडाला तो थेट ओढ्यात! शोधला, सापडला — पार चेपलेला. गावानं ठरवलं, नवा कलश करायचा. तांब्याचा. आणि करणार कोण? दुसरं नाव कुणाच्या तोंडी आलंच नाही. त्र्यंबक करडे, तांबट!

हा त्र्यंबक कसा? साठीच्या आतबाहेर, कोळशासारखा काळा, अंगानं काटक, बोलायला फटकळ आणि हाताला असा की त्याच्या हंड्यावर ठोक्याच्या खुणा बघाव्यात — एकसारख्या, ओळीनं, जणू कुणी दाणे मांडलेत. मठारणं म्हणतात त्याला. भांडं लोखंडी दांड्यावर चढवायचं आणि बुडापासून गळ्यापर्यंत गोल गोल ठोके मारत जायचं. एक गोल पुरा झाला की तो एक फेर. त्र्यंबकच्या वडिलांचा त्याला दंडक होता — “काम अंगाला लागलं पाहिजे. दुखलं तर दुखू दे. तांबट उठला की काम बसलं!” आणि त्र्यंबकनं हा दंडक वडिलांपेक्षाही कडक पाळला. सकाळी बसला की दुपारी जेवायलाच उठणार. मान खाली, पाठ वाकडी, आणि ठण्-ठण्-ठण्-ठण्!

शंकरराव, तो पखवाज जरा वाजवा बरं तसा. ठण्-ठण्-ठण्-ठण्... बास बास! बघा, एवढ्यानं तुमचीच मान आखडली.

आता निरगुडवाडीची एक रीत सांगतो, कारण सगळं आख्यान त्या रीतीवर उभं आहे. कलश शिखरावर चढवला की गवंडी त्याच्या बुडाशी चुना भरतो, पण चुना दाबत नाही. थांबतो. मग ज्यानं कलश घडवला त्या कारागिरानं देवळापुढं उभं राहायचं, मान वर करून कलशाकडं बघायचं आणि एकच शब्द बोलायचा — “बसला!” हा शब्द आला की गवंडी चुना पक्का करणार, ढोल वाजणार आणि — हे महत्त्वाचं — जेवणाच्या भांड्यांवरची झाकणं उघडणार! तोवर नाही. कारागिराऐवजी भाऊ चालत नाही, मुलगा चालत नाही, गावचा पाटीलही चालत नाही. ज्यानं घडवलं त्याच्याच डोळ्यांनी बघायचं. नाहीतर कलश खाली उतरवायचा आणि पुढल्या वर्षीच्या मुहूर्ताची वाट बघायची.

मुहूर्त होता अक्षय्य तृतीयेचा. त्र्यंबक माघात कामाला बसला. कलशाचं पोट झालं, गळा घडायला घेतला, होळी गेली... आणि एका सकाळी त्र्यंबक अंथरुणावरून उठला आणि म्हणाला, “आई गं!”

मान खाली ती खालीच! वर जाईना. उजवीकडं जाईना, डावीकडं जाईना. जरा उचलायला गेला की मानेपासून खांद्यापर्यंत अशी कळ की डोळ्यांत पाणी. साहजिकच होतं की! दोन महिने जी मान खाली धरली, ती म्हणाली, धन्याला हेच आवडतंय, आपण इथंच राहू!

मग काय मजा झाली सांगू? या त्र्यंबकला माणसांचे चेहरे दिसेनात. दिसायचे ते पाय! दारात कुणी आलं की हा पाय बघून बोलायचा. “या दौलतराव, नवा जोडा घेतलासा जणू!” “कोण, पैलवान का? टाच फुटलीय तुमची, तूप लावा!” गाव हसायचं. त्यालाही हसू यायचं, पण हसलं तरी मान दुखायची!

त्याची बायको गोदूबाई मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, “आवं, तालुक्याला दवाखान्यात जाऊ.”

“मानंसाठी दवाखाना? चोचले हायेत हे! आमच्या बापानं कधी मान शेकली न्हाई.”

“मामंजींचं शेवटची पाच वर्सं काय झालं हुतं, इसरलासा? जेवताना ताट उचलून तोंडाशी न्यावं लागायचं!”

त्र्यंबक गप्प. मंडळी, बायको खरं बोलली की नवरा गप्प होतो, ही काही निरगुडवाडीचीच रीत नाही!

पण दवाखान्याआधी आला बाजी पैलवान. पैलवान मनानं चांगला हो, पण औषध एकच माहीत — झटका! म्हणाला, “तांबटदादा, दोन मिंटाचं काम. मी हनवटी धरतो, मागनं डोकं धरतो, कड्ड! मान मोकळी!” आणि धरली की त्यानं खरंच! तेवढ्यात गोदूबाई चुलीपुढनं फुंकणी घेऊन आली. “पैलवान! हात काढा! मानंला झटका दिलासा तर ही फुंकणी तुमच्या टाळक्यावर कड्ड करंल!” पैलवान आखाड्यात कुणाला भ्याला नाही, पण तिथनं निघाला तो जोडे हातात घेऊन. वाचवलं तिनं. अहो, मान म्हणजे काय ऊस आहे का, मोडून बघायला?

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत गादी घालून दोघं तालुक्याला. तिथं डॉक्टर कुमुदबाई म्हणून होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं सावकाश. त्यांनी आधी प्रश्न विचारले. “हाताला मुंग्या येतात? बोटं बधिर होतात? हातातून वस्तू सुटते? चालताना तोल जातो? कुठं पडलात, मार लागला? ताप आहे?” सगळ्याला उत्तर — नाही.

मंडळी, इथं हसणं थांबवून ऐका. यातल्या एकाही प्रश्नाला तुमचं उत्तर ‘हो’ असेल, तर या बुवाचं ऐकायचं नाही! घरी मान हलवत बसायचं नाही. सरळ डॉक्टरकडं जायचं. कीर्तनकार आहे मी, वैद्य नाही!

डॉक्टरीणबाईंनी मान दाबून बघितली आणि म्हणाल्या, “करडे, हाड मोडलेलं नाही. मानेचे नि खांद्याचे स्नायू आखडलेत. एकाच जागी, एकाच तऱ्हेनं, तासन्‌तास बसल्यामुळं. हे सुटेल. घरी सुटेल. पण हळूहळू.”

“किती दिसात?”

“तीन-चार आठवडे धरा. तुमच्या मनावर आहे.”

आणि मग त्यांनी शिकवलं. आधी शेक — कोमट पाण्यात पंचा बुडवून, पिळून, मानेवर दहा मिनिटं. चटका बसेल इतका गरम नाही. मग खांदे कानांकडं उचलायचे, मागं न्यायचे, खाली सोडायचे. मग हनुवटी — खाली नाही, वर नाही, सरळ मागं घ्यायची. शाळेत उंची मोजायला भिंतीला टेकून उभं करायचे ना, तशी! पाच आकडे मोजायचे, सोडायची. मग मान हळू उजवीकडं, मधे थांबायचं, हळू डावीकडं. मग कान खांद्याकडं न्यायचा. त्र्यंबकनं केलं — आणि खांदाच कानाकडं नेला! “खांदा खाली ठेवा करडे, कानाला जाऊ द्या!” मग तळहात कपाळाला लावायचा, कपाळानं हाताला हलकं दाबायचं, हातानं कपाळाला — आणि कुणीच हलायचं नाही. जसे दोन भाऊबंद बांधावर उभे! शेवटी पंचा दुमडून मानेमागं दोन्ही हातांनी धरायचा आणि त्या आधारावर मान जरा, अगदी जरा, वर.

“ताण जाणवला पाहिजे,” बाई म्हणाल्या, “कळ नाही. कळ आली की मागं यायचं. चक्कर आली की थांबायचं. मान गरगर फिरवायची नाही. प्रत्येक प्रकार पाच वेळा. दिवसातून तीन-चारदा. आणि कामावरून अधूनमधून उठायचं.”

इथवर सगळं ठीक. पण मंडळी, विद्या घेणारा कोण? तांबट! ज्यानं आयुष्यभर हजारानं ठोके मोजले, त्याला पाच हा आकडा आकडा वाटेल का? घरी आला. मनात म्हणाला, बाईमाणूस आहे, भीत भीत सांगितलं असेल. पाचानं जर चार आठवडे लागतात, तर शंभरानं दोन दिवसांत काम फत्ते! हिशेब बरोबर ना? शेकबिक काही नाही. बसला परड्यात. आणि ठोक्याच्या तालावर — एक! दोन! तीन! उजवी! डावी! खटाखट! मान अशी हाणली, अशी हाणली, जणू हातोडी मानेलाच बसवलीय. शंभर पुरे केले, घाम पुसला आणि म्हणाला, “हे बघ गोदू, असा व्यायाम असतो!”

दुसऱ्या दिवशी सकाळी? बोला, काय झालं असेल?

उठताच येईना! आडवं झालं तर दुखतंय, बसलं तर दुखतंय, आणि शिंकायची तर चोरी! मग काय संताप! “खोटं हाय सगळं! डॉक्टरीण खोटी, व्यायाम खोटा! माजं नशीबच वाकलंय. कलश घडंल, चढंल, आनि मी मातर खाली माती बघत ऱ्हाईन!” आणि मंडळी, तो फटकळ म्हातारा रडला हो. लहान लेकरासारखा रडला. कारण दुखणं सोसवत होतं त्याला, पण आपल्या हातचा कलश आपल्याला दिसणार नाही, हे सोसवत नव्हतं.

आणि नेमकं त्याच वेळी दारात करकर जोडे वाजले. देवस्थानचे पंच दौलतराव इंगवले! आले, बसले, सुपारी कातरली. माणूस वाईट नाही, पण घाईचा. म्हणाले, “त्र्यंबका, कशाला जिवाला लावून घेतोस? त्या दिवशी देवळापुढं हुबा ऱ्हा. मान खालीच असू दे. आनि म्हन, ‘बसला’. तुजे डोळे कुनीकडं हायेत, हे बघायला कोन खाली वाकतंय? सगळी वरच बघत असत्याल!”

बघा! किती सोपं! न बघता ‘बसला’ म्हणायचं. गावाचं जेवण वेळेवर, ढोल वेळेवर, दौलतराव मोकळे. आपणही म्हणतोच की. मुलाचं प्रगतिपुस्तक न बघता सही, बायकोनं केलेली भाजी न चाखता ‘छान झालीय’, सासूबाईंचं गाऱ्हाणं न ऐकता ‘हो ना, खरं आहे’! बसला, बसला, सगळं बसला!

दौलतराव गेले. त्र्यंबक गोदूबाईला म्हणाला, “तसंच करावं म्हनतो.”

आता ऐका. गोदूबाई शाळेत गेली नव्हती, पण चाळीस वर्षं तांबटाच्या घरात भाता ओढला होता तिनं. ती त्याच्यापुढं येऊन बसली, खाली, त्याला तिचा चेहरा दिसावा म्हणून, आणि म्हणाली, “एक सांगा. तांबं ठोकून ठोकून कडक झालं, तर काय करता?”

“भट्टीत घालतो. लाल करतो. मऊ झालं की फिरून ठोकतो. हे काय इचारनं झालं?”

“आनि न तापवता तसंच ठोकलं तर?”

“तडकतंय!”

“मग तुमची मान कशाची हाय वं? दोन म्हैने ठोकून कडक केलीसा, आनि काल न शेकता शंभर घाव घातलंसा. दुसऱ्याच्या हंड्याला जेवढं जपता, तेवढं सोताला जपलं तर देव रागावतोय व्हय? हंडा गिऱ्हाइकाचा म्हून जपायचा — आनि ही मान कुनी दिली? बाजारातनं आनलीसा?”

वा! माउली, वा! मी बारा वर्षं कीर्तनं करतोय, पण असं निरूपण मला जमलेलं नाही. काका, ऐकलंत ना? चोचले की काय म्हणत होतात मघाशी?

यावर मी चार ओळी जुळवल्यात. माझ्याच आहेत बरं का, म्हणून बेताच्याच आहेत. पेटी धरा —

तापल्यावाचून, तांबे ना वळे ।
ओढता घाईने, अंग कळवळे ।।
हळू वळविता, हळूच ते फळे ।
घडे काम ।।

चला, म्हणा माझ्याबरोबर... छान. आवाज कमी आहे, पण माना ताठ आहेत!

तर मंडळी, त्या दिवसापासून त्र्यंबकचं वागणं पालटलं. दोन दिवस नुसता शेक आणि विश्रांती. मग पाच म्हणजे पाच! गोदूबाई समोर बसून मोजायची. पाच झाले आणि यानं सहाव्याला हात घातला की ती म्हणायची, “फुंकणी आणू?” रात्रीची डोक्याखालची दोन टणक उशांची चळत गेली. एकच, मऊ, मान सरळ राहील एवढी. कामाची जागाही बदलली. दांड्याखाली सागाचा ठोकळा घातला, भांडं वर आलं, त्यामुळं वाकणं निम्म्यानं कमी झालं.

पण सगळ्यात अवघड होतं ते वडिलांचा दंडक मोडणं. उठायचं कसं? फेर मध्येच सोडला तर ठोक्यांची ओळ बिघडते, हे खरंच होतं. मग दोघांनी मिळून तोड काढली. एक फेर पुरा झाला की दुसरा धरायच्या आधी उठायचं. खांदे फिरवायचे, हनुवटी मागं, मान उजवी-डावी, घोटभर पाणी, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी उठताना त्याला वाटलं, बाप वरून बघतोय! चार दिवसांनी बघतो तर काय — फेर आधीपेक्षा सरळ पडतायत! थकलेला हात कुठं, ताजा हात कुठं.

आठवडा गेला. मान दोन बोटं उठली. आता त्याला माणसांचे गुडघे दिसायला लागले! दुसरा आठवडा — कमरेचा करदोटा. “दौलतराव, पोट वाढलंय तुमचं, हे मला ठाऊकच नव्हतं!” तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या छातीचं बटण, कुणाची दाढी. मधेच एक दिवस मान पुन्हा धरली. हा घाबरला. गोदूबाई म्हणाली, “भांडं एका दमात घडतंय व्हय?” त्या दिवशी शेक जास्त केला, व्यायाम कमी केला, सोडला मात्र नाही. कलशही पुरा झाला. बुड, पोट, गळा, वरची कळी. चकचकीत!

उजाडली अक्षय्य तृतीया. गाव लोटलं. पंचक्रोशी लोटली. तिकडं आमटीच्या काहिली, लापशीचे हंडे, झाकणं घट्ट! कलश शिखरावर चढला. धोंडू गवंड्यानं चुना भरला आणि थापी हातात धरून थांबला. ढोलवाले टिपऱ्या उचलून थांबले. सगळ्यांची नजर त्र्यंबकवर.

दौलतराव कानात कुजबुजले, “जास्त वढाताण करू नगंस. म्हन ‘बसला’ आनि मोकळा हो. आमटी निवतीय!”

त्र्यंबक हसला. खांद्यावरचा पंचा काढला. दुमडला. मानेमागं धरला. खांदे सैल सोडले. हनुवटी मागं घेतली. आणि... हळू... हळू... हळू... मंडळी, श्वास घ्या, तुम्ही कशाला रोखलात? मान चालली वर! देवळाचा उंबरा दिसला. चौकट दिसली. शिखराचा पहिला थर, दुसरा थर, तिसरा... आणि निळं आभाळ, आणि त्यात लखलखणारा तांब्याचा कलश!

सगळं गाव ओठांवर तो शब्द घेऊन उभं. आणि त्र्यंबक म्हणाला —

“बसला न्हाई!”

आँ?

“बसला न्हाई. पूर्वेला झुकलाय.”

काय गोंधळ! वरून धोंडू गवंडी ओरडला, “दादा, दोन म्हैने मान तुमची वाकडी, आनि नाव कलशाला? कलश सरळ हाय, तुमीच झुकलाय!” गाव खदाखदा हसलं. आणि मंडळी, त्या हसण्यात त्र्यंबक क्षणभर डळमळला. खरंच की! मान नुकती सुटलेली. माझंच डोकं कलतं असेल तर? सगळ्या गावाला सरळ दिसतंय, मला एकट्याला वाकडं?

तो रागावला नाही. घाईही केली नाही. मान खाली आणली, थांबला. एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं, मध्यावर आणली, हनुवटी सरळ केली. पुन्हा पंचा धरून वर. पुन्हा बघितलं. “धोंडू, ओळंबा सोड. बोटभर झुकलाय.”

सोडला ओळंबा! दोरीला टांगलेलं ते वजन डुललं, डुललं, स्थिरावलं. धोंडूनं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. “हाय वं दादा! बोटभर! बुडाला खडा अडकलाय!”

ओला चुना होता म्हणून खडा काढता आला. न बघता ‘बसला’ म्हटलं असतं तर चुना घट्ट झाला असता, पाणी मुरलं असतं, आणि पुढच्या वळवात हाही कलश ओढ्यात! दौलतरावांनी डोक्यावरचा पटका सारखा केला आणि हळूच मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

कलश सरळ झाला. त्र्यंबकनं तिसऱ्यांदा मान वर केली. खूप वेळ बघितलं. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला — “बसलाऽऽऽ!”

वाजवा शंकरराव, आता वाजवा! ढोल, ताशे, गुलाल, झाकणांचा खडखडाट! त्या गलक्यात त्र्यंबकनं मान खाली आणली आणि सावकाश डावीकडं वळवली. तिथं गोदूबाई उभी होती. तोंडभर गुलाल, डोळे भरलेले. हा तिच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, “गोदू, केस किती पांढरे झाले गं तुजे. कवा झाले?”

ती म्हणाली, “तुमी खाली बघून ठोकत हुतासा तवा.”

मंडळी, हसू नका आता. तो म्हणाला, “आजपास्नं दर फेराला उठनार. आनि उठलो की आदी तुज्याकडं बघनार.” आणि त्यानं ते पाळलं. पुढं अनेक वर्षं करड्यांच्या घरातनं ठण्-ठण् ऐकू यायचं, मग थांबायचं, आणि गावाला कळायचं — म्हातारा बायकोकडं बघतोय!

संपलं आख्यान. आता तुमची पाळी.

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही काही तांबट नाही. खरंय. तुमच्या हातात हातोडी नाही — मोबाइल आहे! मान मात्र तश्शीच खाली! कुणी मशीनवर कपडे शिवतंय, कुणी तांदूळ निवडतंय, कुणी पोरांच्या वह्या तपासतंय, कुणी दिवसभर काँप्युटरपुढं. काम वाईट नाही हो, काम तर देवाचं! पण ज्यानं काम दिलं त्यानंच मान दिली. त्यानं दिलेलं एक सांभाळायचं आणि दुसरं मोडायचं, ही कसली भक्ती? काका, आता सांगा — चोचले?

नाही म्हणतायत! काका नाही म्हणतायत! टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी!

मग उद्यापासून नको, आत्ताच. ज्यांना डॉक्टरांनी मना केलंय त्यांनी नुसतं बघा. बाकीच्यांनी हात मांडीवर. पाठ सरळ. खांदे कानांकडं... मागं... सोडा. हनुवटी मागं, भिंतीला टेकल्यासारखी. एक, दोन, तीन, चार, पाच, सोडा. ए पोरी, शंभर नाही, पाच! आता मान हळूच उजवीकडं वळवा. कळ आली तर तिथंच थांबा. हं. तिथं कोण बसलंय? नीट बघा त्या माणसाकडं. आता मध्ये या. आता हळूच डावीकडं. तिथं कोण आहे? बघा. तुमची बायको असेल, नवरा असेल, जाऊ असेल, बापाची म्हातारी बहीण असेल. एका घरात राहता, एका ताटातलं खाता — शेवटचं असं बघितलं होतंत कधी?

बघा, बघा. मला घाई नाही. तुमचं बघून झालं की आरती करू.